हाराखालचा बॅकअप

माझ्या स्वभावाविषयी आमच्या घरात दोन मतं आहेत. आई म्हणते, ही तापट आहे. मी म्हणते, लोक तापवतात. सोलापुरात वर्षातले आठ महिने ऊनच एवढं असतं की खरं काय ते ठरवणं अवघड जातं, त्यामुळे वाद तसाच पडून आहे. पण त्या खंडेनवमीला मी जी तापले, त्यात उन्हाचा काही हात नव्हता.

मी एमआयडीसीतल्या एका चादरी-टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. पदाचं नाव इंग्रजीत चांगलं लांबलचक आहे, पण कारखान्यात मला 'नेटवाल्या मॅडम' म्हणतात आणि पंखा बंद पडला तरी मलाच हाक मारतात. माझ्या ताब्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे स्विच. ही एक चपटी लोखंडी पेटी असते. पुढून ओळीनं भोकं, प्रत्येक भोकात एक वायर, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी ना कुणी: ऑफिसातले संगणक, गेटवरचा कॅमेरा, हजेरीचं मशीन आणि शेडमधले माग. हल्लीचे माग नक्षी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून घेत नाहीत, सर्व्हरवरून घेतात. कुणाचं बोलणं कुणापर्यंत जाऊ द्यायचं आणि कुणाचं अडवायचं, हे त्या पेटीला शिकवून ठेवावं लागतं. त्या शिकवणीला कॉन्फिगरेशन म्हणतात. मी ती हळूहळू, चुकत, रागावत, बरेच महिने शिकवली होती. खरं सांगायचं तर त्या कारखान्यात माझं निमूट ऐकणारं पेटीशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

झालं काय, की एका परदेशी गिऱ्हाईकानं विचारलं, तुमच्या स्विचचं सॉफ्टवेअर ताजं आहे का. आमचे मालक टॉवेलाबद्दल कुणाचं ऐकून घेणार नाहीत, पण कॉम्प्युटरबद्दल कुणीही काहीही विचारलं की घाबरतात. "करून टाका मॅडम, ताजं करून टाका," म्हणाले. आता पेटी अपग्रेड करायची तर ती बंद करून पुन्हा चालू करावी लागते, आणि तेवढा वेळ माग थांबतात. थांबलेला माग बघून मालकांचा चेहरा असा होतो की आपणच त्यांना पाणी आणून द्यावं. सगळे माग आपण होऊन थांबतात असा वर्षातला एकच दिवस, खंडेनवमी. आणि हत्याराला हात लावायचा नाही असाही वर्षातला एकच दिवस, तोच.

हा नियम मालकांचा नव्हता, अम्मांचा होता. अम्मा म्हणजे मालकांच्या आई. तेलुगू विणकरांच्या घरातल्या, हातमागावर बसून हातांना घट्टे पडलेल्या. कारखाना मुलाच्या नावावर होता, पण मुलगा त्यांच्या नावानं चळाचळा कापायचा. नवमीला दुपारी सगळी हत्यारं पूजेला मांडायची, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिल्या मागावर पहिलं कापड सुरू झाल्याशिवाय त्यातलं एकही उचलायचं नाही. आधी माग, मग हत्यार, असा त्यांचा कायदा.

त्या कायद्यामागे एक फूल होतं. थोरल्या मालकांनी, म्हणजे अम्मांच्या यजमानांनी, स्वतःचा पहिला माग घेतला तेव्हा चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर हातानं काढली होती. सगळी फुलं झाली, एक राहिलं, आणि मध्ये खंडेनवमी आली. आज नको म्हणून बायकोनं सांगितलं, तरी त्यांनी पेन्सिल उचललीच. ते शेवटचं फूल उलटं आलं. बाकीच्यांचे देठ खाली, त्याचा वर. चादरी विणून बाजारात गेल्या तेव्हा कुठे ते दिसलं. व्यापारी हसले, थोरले मालकही हसले, आणि त्या दिवसापासून अम्मांचं म्हणणं हाच कायदा झाला. ते गेल्यावर अम्मांनी दसऱ्याचं पहिलं कापड म्हणून दरवर्षी तीच चादर विणायला लावली, एकच नग, स्वतःसाठी. मध्ये एका हुशार डिझाइनरनं नक्षी कॉम्प्युटरवर चढवताना ते फूल सुलटं केलं होतं. अम्मांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. त्यानं फूल पुन्हा उलटं केलं तेव्हा कुठे त्याला चहा मिळायला लागला.

अपग्रेडचं अम्मांच्या कानावर गेलं, तशा त्या काठी टेकत सर्व्हरच्या खोलीत आल्या. पेटीवरून हात फिरवला, भोकं चाचपली.

"नवीन घालताना जुनं पुसत न्हाई का गं बिड्डा?" बिड्डा म्हणजे लेकरू. माझ्या कानशिलावरचे पांढरे केस त्या मोजत नाहीत.

"नाही अम्मा. आधी जुन्याची प्रत काढून ठेवते."

"आमच्या ह्यांचं फूल?"

"फुलाचा आणि पेटीचा काही संबंध नाही हो. फूल सर्व्हरमध्ये आहे. पेटी फक्त ते मागापर्यंत नेऊन पोचवते."

"पोचवलंच न्हाई तर?"

मी हसले. "प्रत दोन ठिकाणी ठेवणार आहे, अम्मा. एक लॅपटॉपमध्ये, एक पेन ड्राइव्हमध्ये. एक गेली तर दुसरी."

"सरे," त्या म्हणाल्या. म्हणजे बरं. आणि पूजेच्या आधी उरकायच्या अटीवर परवानगी मिळाली.

नवमीला सकाळी मी पूजेची साडी नेसूनच कामाला बसले. जुन्या कॉन्फिगरेशनची प्रत लॅपटॉपमध्ये घेतली, पेन ड्राइव्हमध्ये घेतली, फाइल उघडून पाहिली. नवीन सॉफ्टवेअर चढवलं, पेटी बंद होऊन पुन्हा चालू झाली, हिरवे दिवे लुकलुकले, ऑफिसातलं सगळं सुरळीत चाललं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी तोंड धुऊन गजरा घालायला गेले. मागांची वीज सकाळपासूनच बंद होती, त्यामुळे त्यांचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता, आणि कळून घ्यावं असं मला सुचलंही नाही.

तेवढ्या वेळात आमचे जॉबरमामा माझ्या टेबलाशी येऊन गेले. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. हे मामा माळशिरसकडचे, मनानं सरळ, आणि पूजेची मांडामांड दरवर्षी त्यांच्याकडे. ज्याचं हत्यार पूजेत नाही त्याचं वर्ष वाईट जातं, असा त्यांचा ठाम समज. म्हणून ते दारोदार फिरून हत्यारं गोळा करतात. पाने-पकडी आणि कात्र्या तर असतातच, पण कॅन्टीनची किसणी, हिशेबनिसांचा कॅल्क्युलेटर आणि वॉचमनची शिट्टीसुद्धा मी त्या पाटावर पाहिली आहे.

आरतीला उभी राहिले तेव्हा माझा लॅपटॉप पाटाच्या मधोमध होता. मिटलेला, वर झेंडूचा जाड हार, हारावर नारळ, आणि कडेला खोचलेला पेन ड्राइव्ह हळदीनं पिवळा झालेला.

"तुमचं हत्यार ऱ्हायलं हुतं की मॅडम," मामा आरतीच्या मध्येच पुटपुटले. "म्हनलं इसरल्या आसतील. म्या ठेवलं मदी."

मला रागही आला आणि बरंही वाटलं. आजवर माझ्या कामाला कुणी हत्यार म्हटलं नव्हतं. अम्मांनी सगळ्या वस्तूंना हातानं चाचपत कुंकू लावलं. पुढे सर्व्हरच्या खोलीत येऊन पेटीलाही लावलं, नेमकं हवेच्या जाळीवर, मूठभर. केवढी ही भक्ती, असं मला वाटलं.

पूजा झाल्यावर मालक म्हणाले, उद्याची नक्षी मागापर्यंत जाते का तेवढं बघून ठेवा. माग फिरवायचा नाही, पण त्याच्या पडद्याकडे डोळ्यांनी बघायला पूजेची आडकाठी नव्हती. मामांनी पहिल्या मागाला वीज दिली. पडद्यावर आलं: सर्व्हर सापडत नाही.

कारण कळायला वेळ लागला नाही. आमचे माग कॉम्प्युटरवरचे खरे, पण त्यातले जुने, ते फार सावकाश बोलतात. जुनं सॉफ्टवेअर त्यांचं ऐकून घ्यायचं. नवीन सॉफ्टवेअरला तेवढा धीर नव्हता, त्यानं त्यांच्याशी बोलणंच बंद केलं होतं. यावर उपाय एकच, डाउनग्रेड, म्हणजे उलट्या पावली जुन्याकडे. जुनं सॉफ्टवेअर पेटीच्या दुसऱ्या कप्प्यात शाबूत होतं. सर्व्हरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या संगणकावरून, पेटीला हात न लावता, मी तिला ते पुन्हा घ्यायला सांगितलं. ती आज्ञाधारकपणे बंद झाली, चालू झाली, आणि कोरी करकरीत होऊन माझ्याकडे बघत राहिली. नव्या सॉफ्टवेअरनं माझी सगळी शिकवण स्वतःच्या पद्धतीनं पुन्हा लिहून काढली होती, आणि जुन्याला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. अशा वेळी जुनी प्रत परत चढवायची असते. यात घाबरण्यासारखं काही नसतं. त्यासाठीच तर शहाणी माणसं प्रत दोन ठिकाणी ठेवतात. मीही दोन ठिकाणी ठेवली होती, आणि दोन्ही ठिकाणं एकाच हाराखाली होती.

"हातानं लिहा की," मालक म्हणाले.

मी म्हणाले, लिहिते, पण कोणती वायर कोणत्या मागाची ते बघू दे. वायरींवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. वळून पाहिलं तर सगळ्या वायरी न्हाऊ घातलेल्या बाळांसारख्या स्वच्छ. नवमीची सफाई म्हणून झाडूवाल्या मावश्यांनी एकेक चिठ्ठी नखानं खरवडून काढली होती, आणि वर म्हणत होत्या की लई कचरा चिकटला हुता बाई. शिवाय माग अनोळखी पेटीशी बोलत नाहीत, त्यांना परवलीचा शब्द लागतो. तो मी मोठ्या अकलेनं असा लांबलचक ठेवला होता की कुणाच्याही लक्षात राहू नये. माझ्याही राहिला नव्हता.

"मग नक्षी पेन ड्राइव्हनं मागात घाला."

"मागांची ती भोकं तुम्हीच पुट्टी भरून बुजवलीत, साहेब. नक्षी चोरीला जाऊ नये म्हणून."

मग आम्ही तिघं, मी, मालक आणि जॉबरमामा, पूजेच्या पाटासमोर जाऊन उभे राहिलो. लॅपटॉप हातभर अंतरावर होता. तो उचलायचा तर आधी पहिलं कापड सुरू व्हायला हवं, आणि पहिलं कापड सुरू व्हायचं तर आधी लॅपटॉप उचलायला हवा. मी म्हणाले, साहेब, मालक तुम्ही आहात, उचला. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले. इतके माग चालवणारा माणूस, पण आईनं मांडलेल्या नारळाला हात लावायची त्याची छाती नव्हती. तेव्हा माझा तोल गेला. पूजा, परंपरा, किसणी, शिट्टी, सगळ्यांचा मी एका दमात उद्धार केला. मामा शांतपणे ऐकत होते.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "तुमी कितीबी बोला. पर आमांस्नी सांगून काय हुतंय? ज्येची चादर हाय त्येस्नीच इचारा की."

विचारायला कुणी तयार होईना. अखेर मामाच गेले, त्यांच्या मागून मी. अम्मांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं, त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या खुर्चीत बसल्या आणि मला एवढंच विचारलं, "म्हंजे फूल हाय, पन येत न्हाई?"

"हो, अम्मा."

"आज नवमी हाय," त्या म्हणाल्या. "आज ह्यांनी हात लावला, त्याचं काय झालं ते तुला ठाव हाय. आज नको. सकाळी बघू." आणि उठून गेल्या. जाताना भिंतीला हात लावत लावत गेल्या.

घरी आले तेव्हा मी कुकरसारखी धुसफुसत होते. आईला सगळं सांगितलं. आई दुधनीची, कर्नाटकाच्या सीमेवरची. तिला खूप हसू आलं की ती कानडीत हसते, म्हणजे मधूनमधून कानडी बोलत हसते. शेवटी पदरानं डोळे पुसून म्हणाली, "हत्यार पूजेत ठेवलंस ते ठेवलंस, डोकं तरी जाग्यावर ठेव. त्या म्हातारीची चादर अडकलीय, तुझं काय अडकलंय?" मी तशीच न जेवता उठले, आणि थोड्या वेळानं येऊन भाकरी-चटणी खाल्ली.

दसऱ्याला सकाळी कारखान्यात पोचले तर अम्मा आधीच पाटाशी बसल्या होत्या. नऊवारी नवीन, चेहरा न झोपलेला. मला जवळ बसवलं.

"उचलायचं न्हाई, हा कायदा," त्या म्हणाल्या. "पन नवमी काल संपली. आज हात लावला तर कायदा काय म्हणतो?"

मी मालकांकडे पाहिलं. मालकांनी मामांकडे पाहिलं.

"कायद्यात तसं काय न्हाय," मामा म्हणाले.

"मग ते जाग्यावरच ऱ्हाऊ दे. तुझी पेटी तिकडून हिकडं बोलव."

मला ते कळायला क्षणभर वेळ लागला, आणि कळल्यावर मी पळतच सुटले. शंभर मीटरच्या वायरीचं एक भेंडोळं स्टोअरमध्ये होतं. एक टोक पेटीत खोचलं आणि दुसरं टोक घेऊन शेडमधून निघाले. वाटेत प्रत्येक मागापुढे रांगोळी, त्यामुळे मामांनी तोरण बांधायच्या बांबूनं वायर डोक्यावर उचलून धरली होती आणि मालक मागून नवरीचा पदर सांभाळल्यासारखे चालत होते. चार्जर माझ्या टेबलाखालीच होता, त्याला कुणी हत्यार मानलं नव्हतं. पाटाशी आल्यावर नारळ. मी थबकले.

"नारळ काय हत्यार न्हाई," अम्मा म्हणाल्या. हात पुढे करून, चाचपून त्यांनी नारळ धरला आणि मांडीवर घेतला. हार मी झाकणासोबतच वर केला. लॅपटॉप तसूभरही हलला नाही. कळांच्या फटीत तांदूळ पडले होते, आणि एंटरची कळ कुंकवानं अशी चिकटली होती की दाबली की वर यायचं नाव घेईना. मी पाटासमोर मांडी घालून बसले, नव्या साडीवर हळद, समोर उदबत्तीचा धूर, आणि जुनी प्रत पेटीकडे पाठवली. प्रत्येक एंटरनंतर कळ नखानं उपसावी लागत होती. मामा शेजारी हात जोडून उभे होते. त्यांना वाटत होतं, ही पण पूजाच चालली आहे.

पेटी पुन्हा चालू व्हायला जो वेळ लागला तेवढ्यात मुहूर्त जवळ आला. मालक घड्याळ बघायचे आणि आईकडे बघायचे. मग शेडमधून कुणीतरी हाक मारली की पडद्यावर फुलं आली.

अम्मांनी पहिल्या मागाचं बटण दाबलं. खडखडाट सुरू झाला. चादर पुढे येऊ लागली, ओळीमागून ओळ. अम्मा मागाला खेटून उभ्या राहिल्या, तळवा येणाऱ्या कापडावर ठेवून. मला वाटलं आशीर्वाद देताहेत. मग त्यांची बोटं दिसली. प्रत्येक फुलावरून ती वरपासून खालपर्यंत फिरत होती, पुढच्यावर जात होती.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून म्हणाले, "अम्मा, अजून आलं नाही. आलं की मी दाखवते."

त्यांनी माझं डोकं धरून खाली ओढलं. "दाखवून काय करतीस गं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "दिसतंय कुठं मला. दोन दसरं झालं. पोराला सांगू नको, दवाखान्यात नेऊन बसवंल." मागाच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ते ऐकू गेलं नसणार. "रात्री पांघरलं की हातानं हुडकते. सगळी फुलं सारखी, येक उलटं. ते सापडलं की समजतं, घरातच हाय मी. मग झोप येती. गेल्या सालची झिजून गुळगुळीत झाली, त्यात सापडत न्हाई आता."

पेटीवर मूठभर पडलेलं कुंकू, नारळ चाचपणारे हात आणि जाताना धरलेली भिंत एकदमच आठवली. काल मी कुणाकुणाचा उद्धार केला होता तेही आठवलं, आणि मनापासून वाईट वाटलं.

त्यांची बोटं एका फुलावर थांबली. पुन्हा वर गेली, खाली आली. देठ वर होता. माग कापड पुढे ओढत होता आणि त्यांचा हात त्या फुलावर ठेवलेला तसाच कापडाबरोबर सरकत होता.

"जुनंच घातलंस न्हवं पेटीत?" त्यांनी विचारलं.

"जुनंच, अम्मा."

"सरे," म्हणाल्या आणि हात तिथेच ठेवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात मामा दोन्ही हातांवर माझा लॅपटॉप घेऊन आले, हारासकट, आणि म्हणाले, "घ्या मॅडम, आता उचलायला हरकत न्हाय." मी तो घेतला, पण जागची हलले नाही. चादर पूर्ण होईपर्यंत तिथेच थांबले.